सायनोटाइप

सायनोटाइप (नीलमुद्रण) : लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाच्या साहाय्याने निळी प्रतिमा उमटवण्याची प्रक्रिया. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी सागरी शेवाळांचे ठसे या रीतीने छापायला घेतले. वास्तुविशारदांची निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषांची ब्लूप्रिंट मूळची हीच.

२५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलि पाण्यात आणि १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड दुसऱ्या १०० मिलि पाण्यात विरघळवतात. लेप द्यायच्या वेळी दोन्ही समभाग मिसळतात. ‘सायनाइड’ वाचून नवशिके दचकतात, पण येथे ते लोहाशी घट्ट बांधलेले असते. तीव्र आम्ल आणि आच मात्र दूर ठेवावी. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. अतिनील किरणांनी फेरिक लोहाचे फेरस होते, त्यातून प्रशियन ब्लू हे न विरघळणारे रंगद्रव्य बनते. झाकलेल्या भागातले क्षार पाण्याने धुऊन जातात आणि तेथे कागद पांढरा राहतो.

कृती तशी सोपी. ठाणे, नवी मुंबईत अडते ते हवेपाशी. पावसाळ्यात लेप लवकर सुकत नाही, आणि दमट कागद अंधारातही हळूहळू निळा पडू लागतो. मग पांढरे भाग मळकट येतात आणि दोष उगाच रसायनांवर जातो. अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली कागद सुकवून त्याच दिवशी वापरावा. सायट्रेटच्या द्रावणावर बुरशी धरते, म्हणून ते थोडेच करावे.

दुसरी अडचण गॅलरीच्या दिशेची. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तोच सूर्य माध्यान्हीला डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो आणि त्या गॅलरीत ऊन उरत नाही. तेव्हा गच्चीच गाठावी लागते. त्यामुळे ‘दहा मिनिटे’ असे ठाम माप पाठ करण्यापेक्षा एकाच कागदाच्या पट्ट्या टप्प्याटप्प्याने झाकून चाचणी घेणे बरे. लेपाचा पिवळसर हिरवा रंग राखाडी, काशासारखा दिसू लागला की कागद धुवायला काढतात.

पहिल्या ठशासाठी निगेटिव्हच्या भानगडीत पडू नये. वहीत दाबून सपाट केलेले नेचे किंवा जाळीदार पिंपळपान काचेखाली ठेवले तरी पुरते. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, तेव्हा पाने सोसायटीच्या बागेतलीच घ्यावीत. काच घट्ट दाबली नाही तर कडा धूसर येतात.

धुतल्यावर फिका वाटणारा निळा रंग हवेतल्या ऑक्सिजनने दिवसभरात गडद होतो. अल्कली त्याला सोसत नाही: सुती कापडावरचा ठसा धुण्याच्या सोड्यात घातला तर पिवळट होतो. हेच मुद्दाम, अगदी पातळ द्रावणात करून नंतर प्रत कोऱ्या चहात बुडवतात. टॅनिनमुळे ती तपकिरी-काळी होते.