कृतज्ञतेची मात्रा

ताटात गरम पोळी वाढली म्हणून आईला 'धन्यवाद' म्हणणारा मुलगा मराठी घरात क्वचितच सापडतो, आणि एखाद्याने तसे म्हटलेच तर 'बरा आहेस ना?' असा उलट प्रश्न येण्याचीच शक्यता अधिक. यावरून आपण कृतघ्न ठरतो असे मानण्याचे कारण नाही. सिमियन फ्लॉइड, निक एनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खंडांतील आठ भाषांमधल्या रोजच्या घरगुती संभाषणांच्या ध्वनिचित्रफिती तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागितलेली वस्तू किंवा मदत मिळाल्यावर शब्दांनी आभार मानण्याचे प्रमाण सरासरीने २० वेळांत एकदा इतकेच निघाले. इंग्रजी बोलणारे या बाबतीत पुढे होते, पण तेही सातांत एकदाच. इक्वेडोरमधील चापला या भाषेच्या नोंदींत तर असे एकही उदाहरण आढळले नाही. आपल्या माणसांतली मदत बहुतेक सर्वत्र गृहीत धरलेली असते, एवढाच याचा अर्थ.

मात्र गृहीत धरणे ही दुधारी गोष्ट आहे, कारण त्यातून परस्परांवरचा विश्वास जसा दिसतो, तशीच मिळालेले नजरेआड होण्याची सुरुवातही तिथेच होते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत याची एक मुळाशी जाणारी झलक दिसते. फळांच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की माकडाच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी उद्दीपित होत. पण रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकड शिकले की त्या पेशी दिव्याला प्रतिसाद देत आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर शांत राहत. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही खाली जाई. कृतज्ञता ही रसाच्या थेंबापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची भावना आहे, हे खरे. तरीही रोज ठरल्या वेळी येणाऱ्या नळाच्या पाण्याची दखल आपण पाणी न आलेल्या दिवशीच का घेतो, हे समजायला हा प्रयोग उपयोगी पडतो.

ही सवय मोडता येते का, याचा पद्धतशीर शोध रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घेतला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा नोंदी केल्या: काहींनी ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी, काहींनी कटकटी, तर काहींनी नुसत्याच घडामोडी लिहिल्या. पहिल्या गटातील विद्यार्थी आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसले आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. स्नायू व मज्जातंतूंच्या विकारांनी आजारी असलेल्या प्रौढांनी २१ दिवस रोज अशी नोंद ठेवली, तेव्हा त्यांची झोपही सुधारल्याचे त्यांनी सांगितले. कृतज्ञतेच्या वह्यांचा सगळा बाजार याच प्रयोगांच्या पायावर उभा आहे.

या बाजारात 'रोज' या शब्दाला मात्र अवास्तव किंमत आली आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात काही जणांना आठवड्यातून एकदा, तर काहींना तीनदा नोंदी करायला सांगितल्या, तेव्हा समाधान वाढलेले दिसले ते एकदाच लिहिणाऱ्यांत. तीनदा लिहिणाऱ्यांच्या हातून तो नुसता सोपस्कार झाला असावा, असा संशोधकांचा कयास होता. एकाच प्रयोगावरून नियम काढू नये हे मान्य, पण ज्याने अशी वही ठेवून पाहिली आहे त्याला हा कयास पटेल. माझ्या वहीत नवव्या दिवशी 'सकाळचा चहा' तिसऱ्यांदा आला होता आणि तो लिहिताना चहाची चव मुळीच आठवली नव्हती. गृहीत धरण्याची सवय मोडण्यासाठी सुरू केलेली वही स्वतःच गृहीत धरली गेली होती.

मग वर्षातून एकदाचा सणच बरा, असे म्हणावे का? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात, सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला पुरणपोळी भरवतात. दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू. अशा एका मोठ्या मात्रेचे काय होते, याचे उत्तर मार्टिन सेलिगमन यांच्या गटाच्या २००५ मधील प्रयोगात मिळते. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, अशा व्यक्तीला पत्र लिहून स्वतः नेऊन देणाऱ्यांचा आनंद झपाट्याने वाढला, महिनाभर टिकला आणि तीन महिन्यांनी ओसरला. याउलट आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या घटना आणि त्या का घडल्या याची कारणे लिहिणाऱ्यांत फरक दिसायला महिना लागला, पण तो सहा महिने टिकला. नेमून दिलेला आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणे चालू ठेवले, त्यांना लाभ अधिक झाला.

या प्रयोगातील 'का घडले' हा प्रश्न मला रोजच्या नेमापेक्षा महत्त्वाचा वाटतो. 'प्रवास सुखाचा झाला' ही नोंद दुसऱ्या दिवशी शिळी होते. पण 'मी धावत येताना पाहून एस.टी.च्या वाहकाने गाडी अर्धा मिनिट थांबवली' या नोंदीत एक माणूस आहे, त्याने केलेली निवड आहे, आणि त्याने तसे केले नसते तर काय झाले असते ही शक्यताही आहे. या शेवटच्या शक्यतेची स्वतंत्र तपासणी मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केली. चांगली घटना कशी घडली हे लिहिणाऱ्यांपेक्षा ती घडलीच नसती तर, याची कल्पना करणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. नळ कोरडा पडण्याची वाट न पाहता तो क्षणभर मनातल्या मनात बंद करून पाहण्यासारखेच हे आहे.

मराठीत 'उपकार' या शब्दामागे 'ओझे' हा शब्द सहज येतो, आणि या ओझ्याचीही प्रयोगशाळेत दखल घेतली गेली आहे. मदत करणारा परतफेडीची अपेक्षा ठेवतो असे जितके अधिक जाणवेल, तितकी ऋणाची भावना वाढते आणि कृतज्ञता घटते, असे फिलिप वॉटकिन्स यांच्या गटाला २००६ मध्ये आढळले. म्हणून मुलांना उपकारांची यादी ऐकवून कृतज्ञ बनवण्याचा आपल्याकडील लोकप्रिय प्रयोग फसतो, यात आश्चर्य नाही.

वहीकडून फार मोठी अपेक्षाही ठेवू नये. कटकटी लिहिणाऱ्यांशी तुलना केली की कृतज्ञतेचा परिणाम ठसठशीत दिसतो, पण तटस्थ नोंदी करणाऱ्यांशी तुलना केली की तो बराच आक्रसतो. नैराश्य आणि चिंता यांवरील परिणाम मोजणाऱ्या २७ अभ्यासांचा, म्हणजे ३,६७५ व्यक्तींवरील निष्कर्षांचा, एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा परिणाम लहानच निघाला. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला उपचारांऐवजी वही सुचवणे योग्य नाही.

वहीतले कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न उरतोच. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आभाराची पत्रे लिहायला लावली आणि ती वाचणाऱ्याला काय वाटेल, याचा अंदाज विचारला. आपले पत्र वाचून समोरचा जितका अवघडेल असे लिहिणाऱ्यांना वाटले होते, तितके वाचणारे अवघडले नाहीत. त्यांना झालेला आनंद मात्र अंदाजापेक्षा जास्त होता. लिहिणारे शब्द नीट जमतील का या काळजीत होते, तर वाचणाऱ्यांचे लक्ष पत्रातल्या आपुलकीकडे होते. हे प्रयोग अमेरिकेतले आहेत, पण 'बरा आहेस ना?' या प्रश्नाची धास्ती आपल्याकडेही बहुधा पोळी वाढणाऱ्या आईपेक्षा जेवणाऱ्या मुलालाच अधिक असते.