चरबीतून निघालेला स्वच्छ उजेड

डिसेंबरात हेलसिंकीत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. देशाच्या उत्तर टोकाला उत्सयोकीकडे तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. अशा देशात १८२९ साली वीपुरी या बंदराच्या गावी मेणबत्त्यांचा एक कारखाना सुरू झाला. नाव ‘हावी’. फिनलंड तेव्हा रशियन सम्राटाच्या सत्तेखाली होता आणि वीपुरी ते सेंट पीटर्सबर्ग हे अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच. या कारखान्याचं स्थापनावर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मेणबत्ती हजारो वर्षांची असली तरी आज आपण जिला मेणबत्ती म्हणतो ती नेमक्या त्याच दशकात घडत होती.

त्याआधी श्रीमंतांच्या घरी आणि चर्चमध्ये मधमाश्यांचं मेण जळायचं. बाकीच्यांच्या वाट्याला गुरामेंढरांची चरबी. ती साधारण ४० ते ४५ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे चुलीजवळ ठेवलेली बत्ती वाकायची, हाताला चिकटायची, धुरकट जळायची आणि तिला उग्र दर्प यायचा. हा दर्प कुठून येतो? चरबीच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. ज्योतीच्या उष्णतेत ग्लिसरॉल फुटून अॅक्रोलिन नावाचा डोळे-नाक झोंबवणारा वायू तयार होतो. करपलेल्या तेलाचा ठसका लागतो तो मुख्यतः याच वायूचा.

फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८११ पासून साबणाचा अभ्यास करत होता. चरबी ही एकजिनसी वस्तू नसून ग्लिसरॉल आणि मेदाम्लं यांची जोडणी आहे, हे त्याने दाखवून दिलं. १८२५ मध्ये त्याने गे-ल्युसाक या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाबरोबर मेदाम्लांच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. धंदा मात्र जमला नाही. १८३१ च्या सुमारास पॅरिसमध्ये अदॉल्फ द मिली या मेणबत्ती बनवणाऱ्याने चरबी फोडायला लागणाऱ्या महागड्या अल्कलीऐवजी स्वस्त चुना वापरला आणि गाडी रुळावर आली.

कृती अशी. चरबी चुन्याबरोबर उकळायची, म्हणजे ग्लिसरॉल सुटं होऊन पाण्यात उतरतं. उरलेल्या चुन्याच्या साबणात सल्फ्युरिक आम्ल घातलं की मेदाम्लं मोकळी होतात. ती थंड करून दाबयंत्रात पिळायची. ओलेइक आम्ल जेमतेम १३-१४ अंशांनाच वितळतं, म्हणून ते द्रवरूपात निथळून जातं आणि साबणाच्या कामी येतं. मागे राहतो पांढरा, कडक गठ्ठा: पामिटिक आम्ल (वितळणबिंदू सुमारे ६३ अंश) आणि स्टिअरिक आम्ल (सुमारे ६९ अंश). हेच स्टिअरिन. ग्लिसरॉल आधीच गेल्यामुळे तो झोंबणारा दर्पही गेला. एवढी साधी वाटणारी वस्तू घडवायला चरबीचा रेणू उकलावा लागला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दुसरी सुधारणा वातीची. जुनी पिळाची वात ज्योतीच्या आत सरळ उभी राहायची. तिथे ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून जळकं टोक लांबत जायचं आणि दर थोड्या वेळाने कात्रीने कापावं लागायचं. १८२५ मध्ये कांबासेरेस या फ्रेंच माणसाने वात वेणीसारखी विणली. अशी वात जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला हवेत येतं आणि आपोआप जळून जातं. त्यानंतर एखादी मेणबत्ती पेटवून माणसाला रात्रभर निवांत वाचता येऊ लागलं. १८५० नंतर खनिज तेलातून स्वस्त पॅराफिन आलं; ते थोड्या उबेनेही मऊ पडतं, म्हणून त्यात स्टिअरिन मिसळण्याची पद्धत रुळली.

रॉकेल आलं, वीज आली, तरी हावी टिकली. तिच्यावरचा मोठा आघात युद्धाचा होता. मार्च १९४० च्या मॉस्को तहाने वीपुरी सोव्हिएत संघाकडे गेलं, पुढे फिनलंडने ते परत घेतलं आणि १९४४ च्या जूनमध्ये कायमचं गमावलं. त्या प्रदेशातल्या चार लाखांहून अधिक माणसांना घरदार सोडून पश्चिमेकडे जावं लागलं. हावीचा मुक्कामही हलला. युद्धानंतर तिच्या मेणबत्त्या दक्षिण फिनलंडमधल्या रीहिमॅकीत बनू लागल्या.

तोवर मेणबत्तीचं काम बदललं होतं. ६ डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी सहा ते आठ फिनिश घरांच्या खिडक्यांत दोन मेणबत्त्या लावतात. नाताळच्या आदल्या दिवशी लोक दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर दिवे ठेवतात. इथे वेगळंच शास्त्र लागतं. कडाक्याच्या थंडीत ज्योतीभोवतीचं मेण पुरेसं वितळलं नाही तर वातीला इंधन मिळत नाही आणि ती विझते. म्हणून कबरीवरची मेणबत्ती डबीत ओतलेली असते, वर वारा अडवणारं झाकण असतं, आणि डबीच्या आत ऊब टिकते.

घरातल्या उंच मेणबत्त्यांसाठी मात्र स्टिअरिनचा मान अजून आहे. त्या सरळ उभ्या राहतात, कमी ओघळतात. फक्त ते स्टिअरिन आता बहुतेक वेळा पाम तेलातून येतं, आणि ते पाम मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातल्या लागवडीतून. त्यासाठी तिथली किती जंगलं गेली, हा प्रश्न आता मेणबत्ती बनवणाऱ्यांनाही टाळता येत नाही.