डीएनएची उलटी टीप

डीएनएची प्रतिकृती कशी तयार होते, असं बारावीच्या वर्गात विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "सर, बॅगेची चेन उघडते तसे दोन धागे सुटतात आणि दोन्ही बाजूंना नवा धागा तयार होत जातो." गुण मिळतात, मीही देतो. पण 'दोन्ही बाजूंना' हे दोन शब्द आपण जितक्या सहज म्हणून जातो तितके ते सोपे नाहीत. दुहेरी सर्पिलाचा शोध लागला 1953 साली. ही 'दुसरी बाजू' कशी भरते, ते कळायला 1968 उजाडलं.

रचना तुम्ही शिकला आहात. साखर आणि फॉस्फेटच्या दोन साखळ्या, मधे चार रासायनिक 'अक्षरां'च्या जोड्या, 'ए'समोर 'टी' आणि 'जी'समोर 'सी'. जाडी 2 नॅनोमीटर, सुमारे साडेदहा जोड्यांमागे एक पूर्ण पीळ. प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो, हे मेसेलसन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये जड नायट्रोजन वापरून दाखवलं. इथपर्यंत सगळं सुरळीत आहे. निसटते ती एक गोष्ट: हे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने जातात, दुपदरी रस्त्यावरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांसारखे. साखरेतल्या कार्बनच्या क्रमांकांवरून धाग्याच्या एका टोकाला पाच-प्राइम म्हणतात, दुसऱ्याला तीन-प्राइम. एका धाग्याचं पाच-प्राइम जिथे, तिथेच दुसऱ्याचं तीन-प्राइम.

आता अडचण बघा. नवा धागा विणणारं विकर (एन्झाइम) म्हणजे डीएनए पॉलिमरेज. ते नवं अक्षर फक्त तीन-प्राइम टोकाला जोडू शकतं, दुसऱ्या टोकाला कधीच नाही. चेन उघडत पुढे जाते तेव्हा एका बाजूचं विकर तिच्या मागोमाग निवांत चालत राहतं. दुसऱ्या बाजूच्या विकराचं तोंड मात्र नेमकं उलटीकडे. चेन उघडते पूर्वेला, याला जायचंय पश्चिमेला. मग काम कसं व्हायचं?

ज्यांनी हातशिलाई केली आहे त्यांना उत्तर लगेच पटेल. धावदोऱ्यात सुई सरळ पुढे जाते. उलट्या टिपेत सुई दर टाक्याला मागे येते, पण शिवण मात्र पुढेच सरकत राहते. डीएनएची दुसरी बाजू अशी उलट्या टिपेने भरते. थोडी चेन उघडली की विकर उघडलेल्या तोंडापाशी येतं, तिथून मागे विणत जातं आणि आधीच्या तुकड्याला भिडलं की थांबतं. तोवर चेन आणखी उघडलेली असते, मग पुन्हा तोंडापाशी.

हे तुकडे शोधले जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने. प्रयोग इतका साधा की हेवा वाटावा. ई. कोलाय जिवाणूंना किरणोत्सारी थायमिडिन, म्हणजे 'टी' अक्षराचा कच्चा माल, फक्त काही सेकंद द्यायचं, म्हणजे नुकताच विणलेला भागच तेवढा 'खुणेचा' होतो. मग डीएनएचे धागे सुटे करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, म्हणजे लहान-मोठे तुकडे वेगळे होतात. खूण सापडली ती हजार-दोन हजार अक्षरांच्या लहान तुकड्यांवर. जरा जास्त वेळ थांबलं की तीच खूण लांबलचक धाग्यांत गेलेली दिसे. म्हणजे तुकडे आधी होतात, जोडले नंतर जातात. रेइजी यांनी किशोरवयात हिरोशिमाचा बॉम्ब पाहिला होता. 1975 मध्ये, 44व्या वर्षी, ते ल्युकेमियाने गेले. काम त्सुनेको यांनी पुढे चालू ठेवलं.

उलट दिशेने विणणारं दुसरं विकर निसर्गाने का नाही घडवलं? मला सगळ्यात आवडतो तो हा प्रश्न. प्रत्येक नवं अक्षर येताना तीन फॉस्फेट घेऊन येतं. त्यातले दोन तुटतात आणि त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर जोड बसतो. एसटीत चढणाऱ्याने आपल्या तिकिटाचे पैसे आपणच आणावेत तसं. चुकीचं अक्षर बसलं तर विकर ते खोडतं आणि पुढचं अक्षर स्वतःचे पैसे घेऊन येतंच. उलट दिशेने विणायचं तर हे पैसे साखळीच्या टोकाकडे ठेवावे लागले असते, म्हणजे आधी बसलेल्याने मागून येणाऱ्याचं तिकीट काढायचं. मग चुकलेलं अक्षर खोडलं की त्याच्याबरोबर पैसेही गेले, विणकाम तिथेच ठप्प. दुरुस्तीची सोय हवी असेल तर दिशा एकच. लाखात एखादी होणारी चूक या खोडण्यामुळे कोटीत एकीवर येते आणि नंतरच्या तपासणीत शंभर कोटींत एकीवर.

उलट्या टिपेचा खर्च मात्र मोठा. पॉलिमरेजला कोऱ्या जागेवर सुरुवात करता येत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याआधी प्रायमेज नावाचं विकर आरएनएचा (डीएनएच्या भावंड-रेणूचा) छोटा आधार टाकतं. तो नंतर काढायचा, जागा भरायची, मग लायगेज या विकराने सांधा जुळवायचा. शिवाय दोन्ही बाजूंची पॉलिमरेजं एकाच यंत्रात बांधलेली असतात. त्यामुळे मागे विणल्या जाणाऱ्या धाग्याचा फास बाहेर काढावा लागतो, म्हणजे तो यंत्रातून जाताना पहिल्या धाग्याच्याच दिशेने सरकतो. तुकडा संपला की फास सुटतो आणि नवा पडतो. (हे कागदावर काढून बघा. नुसतं वाचून मलाही कळलं नव्हतं.) माणसात हे तुकडे 100 ते 200 अक्षरांचेच असतात. पेशीत 600 कोटी जोड्या, म्हणजे एका विभाजनाला निदान 3 कोटी सांधे.

कापड संपतं तिथे उलटी टीप फसते. शेवटच्या तुकड्याचा आरएनए आधार काढला की ती जागा भरायला पलीकडे काहीच नसतं. ई. कोलायला ही कटकट नाही, त्याचा डीएनए गोल. आपली गुणसूत्रं सरळ, म्हणून दर विभाजनाला त्यांची टोकं थोडी झिजतात. ही टोकं म्हणजे टेलोमिअर, आणि ती पुन्हा वाढवणारं विकर टेलोमरेज. या संशोधनाला 2009 चं नोबेल मिळालं आणि पाठोपाठ 'टेलोमिअर लांब करून तारुण्य' देणाऱ्या कॅप्सूलही आल्या. 'डीएनए जागृत' करणारी शिबिरं तर आहेतच. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत टेलोमरेज बंद असतं. ते पुन्हा चालू झालेलं सर्रास सापडतं, ते कर्करोगाच्या पेशींत.