पहिलंच हत्यार, तेही जुनं आणि स्वस्त : परवान्यापासून खरेदीपर्यंत

"ओळखीतल्या एकाचं रिव्हॉल्व्हर आहे, स्वस्तात मिळतंय. घेऊन ठेवू का?" हा प्रश्न वर्षातून तीन-चारदा तरी माझ्यासमोर येतो. विचारणारा कधी मळ्यात वस्तीवर राहणारा शेतकरी असतो, कधी सराफी पेढी चालवणारा, तर कधी नेमबाजीची गोडी नुकतीच लागलेला तरुण. मी लोकांचे शस्त्र परवान्याचे अर्ज भरून देतो आणि पुढच्या फेऱ्यांतही त्यांच्यासोबत असतो. त्यामुळे हा व्यवहार नेमका कुठे अडतो, ते जवळून पाहिलेलं आहे.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : परवाना हातात आहे का? बहुतेकदा नसतो. मग किंमत किती, कंपनी कोणती, हे बोलणंच तिथे थांबवावं लागतं. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर घेताही येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही. "पैसे देऊन ठेवतो, हत्यार घरी राहू दे, परवाना मागून काढू" असं म्हणणारे भेटतात. तसं केलं तर कलम २५ खाली दोन ते पाच वर्षांची कैद आणि दंड आहे. २०१९च्या दुरुस्तीने ही शिक्षा वाढली. मित्राने चार दिवस सांभाळायला दिलं होतं, ही सबबही चालत नाही.

आपल्याकडे 'स्वस्त' म्हणजे काय

आपल्याकडचा जुन्या हत्यारांचा बाजार जरा उलटा आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद आहे. त्याआधी आलेली विलायती पिस्तुलं मोजकीच उरली आहेत, आणि चाळीस-पन्नास वर्षं जुनी असूनही त्यांना नव्या देशी हत्यारापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. त्यामुळे खरोखर कमी पैशात मिळतं ते बहुधा कानपूरला आयुध निर्माणीत बनलेलं जुनं ०.३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इथे इंचात) रिव्हॉल्व्हर. नवं देशी हत्यारही काही थोडक्यात येत नाही. २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. म्हणून जुन्याकडे ओढा असणं मी समजू शकतो.

पण कागद नसलेलं आणि अगदी काही हजारांत देऊ केलेलं हत्यार हा वेगळाच मामला आहे. ते गावठी किंवा चोरीचं असतं. त्याच्याजवळही जाऊ नका. विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि घेणाराही सुटत नाही.

बोअरचंही लक्षात ठेवा. ९ मिलिमीटर पिस्तुलासारखी लष्कर-पोलिसांच्या वापरातली बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. लोक त्यांना 'पीबी' म्हणतात, म्हणजे प्रतिबंधित बोअर. आपल्यासाठी ०.३२ आणि ०.२२ ही नेहमीची.

परवाना कुणाला मिळू शकतो

वय २१ पूर्ण हवं. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं परवाना मिळत नाही. चॅप्टर केसमध्ये शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून दिलेलं असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत दार बंद. मानसिक स्थिती ठीक नसलेल्यालाही कायदा हत्यार देत नाही.

या झाल्या अपात्रतेच्या गोष्टी. खरी कसोटी आहे ती 'गरज' दाखवण्याची. शस्त्र नियम २०१६ मध्ये साध्या बोअरच्या परवान्यासाठी ढोबळमानाने तीन प्रकारचे अर्जदार धरले आहेत. ज्याच्या धंद्या-व्यवसायामुळे किंवा अन्य कारणाने जीविताचं, मालमत्तेचं रक्षण करण्याची खरी गरज आहे, तो. शूटिंग क्लब किंवा रायफल असोसिएशनचा गेली दोन वर्षं सक्रिय सभासद असलेला खेळाडू. आणि सैन्यदलात, केंद्रीय सशस्त्र दलात किंवा राज्य पोलिसांत असलेला वा निवृत्त झालेला, पण त्यालाही गरज दाखवावी लागतेच.

मालमत्ता कमी आहे म्हणून आपल्याला कोण परवाना देणार, असं समजून कित्येक जण अर्जच करत नाहीत. कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. उलट, मोठा बंगला आणि दोन गाड्या म्हणजे गरज सिद्ध झाली असंही नाही. मोठ्या लोकांचे अर्ज 'जीवितास धोका असल्याचे दिसून येत नाही' या एका ओळीवर परत आलेले मी पाहिले आहेत.

अर्ज आणि कागद

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे अशा पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात. बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा. गोव्यात त्या त्या जिल्ह्याचे जिल्हादंडाधिकारी. अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एनडाल-एलिस पोर्टलवर भरायचा. परवाना नमुना ३ मध्ये मिळतो आणि त्यावर तुमचा यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक असतो. हा क्रमांक नसलेला जुना परवाना दाखवून कुणी हत्यार विकू पाहत असेल, तर तिथूनच परत फिरा.

कागदांत फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा हे तर असतंच. त्याशिवाय तीन नमुने लागतात आणि नेमक्या त्यांच्यावरच अर्ज रखडतात. एस-१ म्हणजे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. एस-२ म्हणजे हत्यार घरी कुलूपबंद, सुरक्षित ठेवीन अशी हमी. एस-३ म्हणजे शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यात नशापाण्याची सवय आहे का, याकडे डॉक्टरांनी खास लक्ष द्यायचं असतं. प्राप्तिकराची विवरणपत्रं, सातबारा, दुकानाचा परवाना हे बऱ्याच कार्यालयांत मागतात, म्हणून सोबत ठेवलेले बरे.

गरजेचा भाग मात्र मनापासून लिहा. 'आत्मसंरक्षणार्थ' एवढा एकच शब्द लिहून भागत नाही. वस्तीवर चोरी झाली असेल तर तक्रारीची प्रत, धमकी आली असेल तर अदखलपात्र नोंदीची प्रत, रोज रोकड बँकेत नेत असाल तर त्याचा पुरावा जोडा. तुमच्या भागात रात्री गस्त येते का, सर्वांत जवळची पोलीस चौकी किती अंतरावर आहे, हेही लिहा. चौकशीला येणारा हवालदार नेमकं हेच विचारतो.

पोलीस ठाण्याचा अहवाल ३० दिवसांत जावा आणि त्यानंतर ६० दिवसांत निर्णय व्हावा, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात कित्येक प्रकरणं यापेक्षा फार लांबतात. अर्ज नाकारला तर लेखी कारणं मागा आणि कलम १८ खाली अपील करा. अपिलाची मुदत थोडी असते, आदेश आल्यावर दोन महिने विचार करत बसू नका.

जुनं हत्यार कसं हातात येतं

बाजारातली जुनी हत्यारं बहुतेक वारसांकडून येतात. परवानाधारक वारला की हत्यार पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. परवानाधारक हयात असतानाही, तो सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं, तर वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. पण मुलाला नको असेल, किंवा त्याला परवाना मिळाला नाही, तर ते विकायला निघतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. तेव्हा तिसरं हत्यारही बऱ्याच जणांना काढून टाकावं लागलं.

घेण्याचे मार्ग दोन. एक, परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातून. दोन, थेट दुसऱ्या परवानाधारकाकडून. थेट व्यवहाराबद्दल कलम ५ मधली एक अट फार थोड्यांना ठाऊक असते. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं की मी अमुक हत्यार अमुक माणसाला विकणार आहे, त्याचं नाव-पत्त्यासह. तसं कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार हातातून जायला नको. त्या अर्जाची पोच आपल्याकडे मागून घ्या. "आज पैसे द्या, आज घेऊन जा" म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी तो तुम्हाला अडचणीत आणतोय.

नवख्याने दुकानातूनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे थोडे जास्त जातात, पण नोंदवही, पावती आणि हत्यार तपासणारा माणूस एकाच ठिकाणी मिळतो.

मागे ओळखीतल्या एका शेतकऱ्यासोबत असंच रिव्हॉल्व्हर पाहायला गेलो होतो. दुकानदाराने हिरव्या फडक्यावर ते उघडून ठेवलं, चक्रीची, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या भागाची, सगळी घरं रिकामी दाखवली. आम्ही विकणाऱ्याचा परवाना शेजारी ठेवला आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक भिंगातून एकेक आकडा मोठ्याने वाचला. शेवटून दुसरा आकडा हत्यारावर ८ होता, परवान्यावर ३. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने लिहिताना चूक केली असणार, हत्यार तेच होतं. तरीही व्यवहार तिथेच थांबवला. दुरुस्ती विकणाऱ्याच्या जिल्ह्यातून होऊन यायला चार महिने गेले. तो आकडा न पाहता आम्ही घरी आलो असतो, तर ते चार महिने त्या शेतकऱ्याने पोलिसांना खुलासे देण्यात घालवले असते.

हत्यार पाहताना

नवख्या माणसाने स्वतः पारख करायला जाऊ नये, जाणकार शस्त्रकारागीर सोबत घ्यावा. पण काय पाहतात ते माहीत असावं. कानपूरची जुनी रिव्हॉल्व्हरं मधून उघडतात, नळी पुढे खाली झुकते. त्या बिजागरीत आणि वरच्या खटक्यात खेळ आला असेल, तर हत्यार थकलेलं आहे. घोडा ताणल्यावर चक्री जागेवर घट्ट बसली पाहिजे, हलता कामा नये. ती थोडी जरी तिरकी राहिली तर गोळी नळीच्या चक्रीकडच्या तोंडावर घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. नळीत उजेड धरून पाहा. आतले पेच, म्हणजे कोरलेल्या वळत्या खाचा, स्वच्छ दिसायला हवेत, गंजाचे खड्डे नकोत. ज्या हत्याराला मालकाने पंधरा वर्षं तेल लावलं नाही, ते स्वस्त पडत नाही.

काडतुसाचं एक महत्त्वाचं. '०.३२' या एकाच आकड्याखाली रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतंही, म्हणून फसगत होते. ते कधीही वापरू नका. परवान्यावर 'रिव्हॉल्व्हर' लिहिलंय की 'पिस्तूल', हे खरेदीआधी पाहा, आणि काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच घ्या. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर इंग्रजीत 'केएफ' अशी अक्षरं ठोकलेली असतात.

कुणी घेऊ नये

घरात कुणी दारूच्या आहारी गेलेलं असेल, कुणी मनाने खचलेलं असेल, घरात वाटणीचा वाद पेटलेला असेल, तर माझं उत्तर नाही असंच असतं. तुमचा स्वतःचा राग आवरत नसेल तरीही नाहीच. हातात हत्यार असलं की वाईट घडी निभावून जायला जो वेळ मिळायला हवा, तो मिळत नाही. अर्जदारांना मी हे त्यांच्या बायकोसमोर, आईसमोर विचारतो, कारण खरं उत्तर तिथूनच येतं.

ज्याला नेमबाजीच शिकायची आहे, त्याने जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मागे लागूच नये. ०.१७७ बोअरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. आधी क्लबमध्ये जा, दोन वर्षं घाम गाळा. त्याच दोन वर्षांच्या सभासदत्वावर पुढे खेळाडू म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्या प्रकाराचं पिस्तूल ०.२२चं असतं. आत्मसंरक्षणाचं ०.३२ रिव्हॉल्व्हर त्या खेळाला उपयोगाचं नाही.

घेतल्यानंतर

खरेदीची मुदत परवान्यावर लिहिलेली असते, ती ओलांडू नका. हत्यार घेतल्यावर परवाना देणाऱ्या कार्यालयात ते दाखवून क्रमांकाची नोंद करून घ्यायची असते. बाहेर नेताना ते होल्स्टरमध्ये, झाकलेलं. परवान्याची हद्द जिल्ह्यापुरती आहे की राज्यापुरती, ते पाहूनच प्रवास करा. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीच्या आचारसंहितेत, कुणाची हत्यारं जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीने सांगितलं तर हत्यार पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोचपावती जपून ठेवा.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी जायला हवा. त्या तारखेची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयावर नव्हे, परवान्याच्याच पाकिटावर पेनाने करून ठेवा, कारण कॅलेंडर दरवर्षी बदलतं.