नर्सच्या लक्षात आलं होतं

मार्च २००५. इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली ही ३७ वर्षांची महिला सायनसच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग बंद झाला. मास्कने हवा जाईना, नळी बसेना. अशा वेळी गळ्याला पुढून छेद देऊन वाट करावी लागते, कारण ऑक्सिजन तुटला की काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होते. तिथले तीन अनुभवी डॉक्टर मात्र नळी घालायच्याच खटपटीत राहिले. एका नर्सने छेद देण्याचं साहित्य आणलं, तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत खाट मागितली, पण डॉक्टरांचे चेहरे पाहून आपणच घाई केली असं तिला वाटलं आणि तिने ती रद्द केली. १३ दिवसांनी एलेन गेली.

तिचे पती मार्टिन वैमानिक. विमानात सहवैमानिकाने कॅप्टनला टोकायचं कसं आणि कॅप्टनने ते ऐकायचं कसं, हे रीतसर शिकवतात. ऑपरेशन थिएटरमध्ये तसं का नाही, हा प्रश्न त्यांनी धसास लावला आणि २००७ मध्ये त्यासाठी संस्था उभारली.

डॉक्टरांचं ज्ञान कमी पडलं नव्हतं, म्हणूनच ही घटना मला फार अस्वस्थ करते. संकटात लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, वेळेचं भान सुटतं; हा मेंदूचा स्वभाव आहे. त्यातून बाहेर काढू शकतो तो शेजारी उभा असलेला माणूस, आणि तो बहुधा दुसऱ्या पेशाचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये रुग्णसुरक्षेचा अभ्यासक्रम वैद्यकीय, दंत, नर्सिंग, फार्मसी आणि प्रसूतिसेवा या सगळ्यांसाठी मिळून काढला. वर्गात त्याचं रूप असं असू शकतं: बिछान्यावर पुतळा, एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने लिहिलेला दहापट डोस, आणि हातात इंजेक्शन घेतलेली नर्सिंगची विद्यार्थिनी. ती आधी म्हणते, ‘मला या डोसची काळजी वाटते.’ ऐकलं नाही तर, ‘मला हे देववत नाही.’ तरीही नाही, तर, ‘रुग्णाला धोका आहे, थांबा.’ पायऱ्या ठरलेल्या असल्या की ऐन वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. नंतरची चर्चा सरावाइतकीच मोलाची: कोणाला काय दिसलं, कोण का गप्प बसलं.

स्वीडनच्या लिंशॉपिंगमध्ये असं एकत्र शिक्षण १९८६ पासून चालतं. आपल्याकडे वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी ही महाविद्यालयं नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. मग निदान एक सराव तरी एकत्र घ्यायला काय हरकत आहे? पहिल्याच वर्षी घ्यावा, ‘सर’ म्हणून गप्प राहायची सवय लागण्याआधी. आणि पुतळ्याला चुकीचा डोस लिहिणारे ‘सर’ खऱ्या प्राध्यापकांनीच व्हावं, कारण टोकलेलं ऐकून घ्यायचा सराव त्यांनाही हवाच आहे.