गुलाब : फुलाची रचना आणि औषधी उपयोग

गुलाब हे रोझेसी कुलातील रोझा प्रजातीच्या काटेरी झुडपांचे फूल. आयुर्वेदात त्याला शतपत्री आणि तरुणी म्हणतात, युनानी वैद्यकात गुल-ए-सुर्ख. मुंबईत दादरच्या फुलबाजारात ते दोन रूपांत भेटते : लांब दांड्याचा, जुडी बांधलेला ‘डच’ गुलाब आणि सुटा विकला जाणारा गावठी गुलाब. औषधाला कामाचा तो दुसरा. डच गुलाब टिकावा, दिसावा म्हणून पैदास केलेला असतो आणि त्याला बहुधा वासच नसतो.

रानगुलाबाला पाकळ्या पाचच असतात. मग गावठी गुलाबात एवढ्या आल्या कुठून? फूल हातात घेऊन बाहेरून एकेक पाकळी काढत जावी. आतल्या पाकळ्या लहान आणि मुडपलेल्या होत जातात, आणि एखादीच्या कडेला परागकोशाचा पिवळा ठिपका चिकटलेला सापडतो. ती पाकळी म्हणजे रूप बदललेला पुंकेसर. जास्तीच्या पाकळ्या मुख्यतः अशाच तयार होतात. पाकळ्यांखालची पाच हिरवी निदलेही पाहण्यासारखी असतात : अनेक जातींत दोन निदलांच्या दोन्ही कडांना झालर, दोघांना मुळीच नाही आणि पाचव्याला एकाच कडेला. कळीत ती एकमेकांवर ज्या क्रमाने दुमडलेली असतात, त्यामुळे हे घडते. झाकलेल्या कडेला झालर फुटत नाही.

फुलाखालचा हिरवा फुगवटा अंडाशय वाटतो, पण ते पेल्यासारखे पोकळ पुष्पासन, म्हणजे फुलाचे भाग ज्यावर बसतात ते देठाचे टोक, आहे. किंजदले, म्हणजे फुलाचे स्त्री-अवयव, त्याच्या आत असतात. पुढे हाच पेला मांसल, लाल होतो आणि त्यातल्या बियांसारख्या कठीण दाण्यांना वनस्पतिशास्त्र खरे फळ मानते. हा लाल भाग क जीवनसत्त्वाने समृद्ध असतो. दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची आवक घटल्यावर ब्रिटनमध्ये रानगुलाबाची फळे गोळा करून मुलांसाठी त्यांचे सरबत केले गेले. गुलाबाचा काटा हा सालीचा उंचवटा असतो, म्हणून बाजूने दाबला की सहज निखळतो. बोगनवेलीचा काटा म्हणजे फांदीच, तो तसा निघत नाही.

गुलाबाचा सुगंध जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि फेनिलएथिल अल्कोहोल यांचा. यांपैकी शेवटचे पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, म्हणून गुलाबपाण्याला वास राहतो. उन्हाने वास उडू नये यासाठी फुले पहाटेच खुडतात. आयुर्वेद पाकळ्यांना शीत, पित्तशामक आणि सौम्य सारक मानतो. पाकळ्यांत टॅनिन असल्याने त्या किंचित तुरट लागतात. तोंड आल्यावर त्यांच्या काढ्याने गुळण्या करण्याची रीत आहे. गुलाबपाणी डोळ्यांत घालण्याची मात्र आता सवय सोडावी, कारण दुकानातली बाटली निर्जंतुक नसते.

घराघरांतले औषध म्हणजे गुलकंद. गावठी पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर काचेच्या बरणीत भरून ती तीन-चार आठवडे उन्हात ठेवतात. मुंबईत हे एप्रिल-मेमध्येच उरकावे. पावसाळी दमट हवेत ऊन मिळत नाही आणि बुरशी धरते. शोभेची फुले यासाठी कधीही वापरू नयेत, त्यांवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात. उन्हाळ्यात किंवा पोट साफ होत नसेल तर रात्री दुधाबरोबर चमचाभर गुलकंद घेतात. मधुमेह्यांनी साखरेमुळे टाळावा. चांगला गुलकंद काळपट तांबडा असतो आणि खाताना पाकळी दाताखाली येते. भडक लाल दिसला तर त्यात रंग असण्याची शक्यता धरावी.