तुम्ही टाइप केलंत एक, सेलला समजलं दुसरंच

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या कृषी पत्तीन संघात, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेत, पीककर्जाची यादी एक्सेलमध्ये भरायला घेतली की सर्व्हे नंबरच्या कॉलममध्ये हमखास घोळ होतो. उताऱ्यावर जमीन १२/३ अशी लिहिलेली असते, म्हणजे सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३. लेखनिक तसंच टाइप करून एंटर दाबतो आणि सेलमध्ये, म्हणजे त्या चौकटीत, १२ मार्च उमटतं. खालच्या ओळीत ४५/२ टाकलं तर काही बिघडत नाही, कारण पंचेचाळीस तारीख कुठल्याच महिन्यात येत नाही. एकाच कॉलममध्ये काही जमिनी जमिनी राहतात आणि काहींच्या तारखा होतात. हे लक्षात आल्यावर माणूस सेलचा प्रकार बदलून 'टेक्स्ट' करतो. आता १२/३ परत दिसायला हवं, पण यादी २०२५ मध्ये भरलेली असेल तर दिसतं ४५७२८.

हा आकडा येतो कुठून? एक्सेल तारीख साठवतं ती दिवसांच्या मोजणीनं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला की १२ मार्च २०२५ चा क्रमांक ४५,७२८ येतो. लेखनिकानं वर्ष टाकलेलंच नव्हतं, ते एक्सेलनं चालू वर्ष म्हणून स्वतःच धरलं. आणि मुळात टाइप केलेलं १२/३ आता फाइलमध्ये कुठेही उरलेलं नाही. यादी भरण्याआधीच तो कॉलम टेक्स्ट करून ठेवायला हवा होता. पण आधीच ठेवायला हवा होता हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते पडद्यावर कोण सांगणार?

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटचा इंटरफेस, म्हणजे माणसाला दिसणारी आणि हाताळायची बाजू, कसा असावा या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग मला इथेच दिसतो. बटणं गोल असावीत की चौकोनी, मेनू वर असावा की बाजूला, हे दुय्यम आहे. यंत्र अंदाज बांधणारच, आणि बऱ्याचदा तो उपयोगी असतो. रोज पन्नास पावत्यांच्या तारखा टाकणाऱ्याला तो हवाच असतो. पण यंत्राला काय समजलं ते त्यानं दाखवलं पाहिजे, आणि चुकीचं समजलं असेल तर माणसाचं मूळ लिखाण परत देता आलं पाहिजे.

या एका खोडीनं विज्ञानालाही छळलं आहे. मानवी जनुकांना सेप्ट२, मार्च१ अशी छोटी नावं होती. एक्सेल त्यांचं २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकत असे. मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेले शोधनिबंध तपासले, तेव्हा साधारण पाचातल्या एका निबंधात असा दोष सापडला. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली: सेप्टिन२, मार्चएफ१. माणसाच्या शरीरातल्या जनुकाला एका ऑफिस सॉफ्टवेअरसाठी नाव बदलावं लागलं, हे मला आजही खटकतं. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये अशी काही आपोआप होणारी रूपांतरं बंद करायची सोय दिली. ती ऑप्शन्समध्ये, डेटाच्या पानावर आहे. पत्तीन संघातला लेखनिक तिथे सहसा जात नाही.

आकड्यांचंही असंच होतं. आधार क्रमांक बारा अंकी असतो. साध्या सेलमध्ये टाकला की तो २.३४ अशा दशांशात दिसतो आणि पुढे ई+११ अशी शेपटी लागते. आत पूर्ण क्रमांक शाबूत असतो, फक्त दिसत नाही. सोळा अंकी खाते क्रमांकाचं मात्र वाटोळं होतं. एक्सेल कोणत्याही आकड्याचे पहिले १५ अंकच अचूक ठेवतं, सोळाव्या जागी शून्य बसतं. सुरुवातीचं शून्य असेल तर तेही जातं. ज्याची बेरीज कधीच करायची नसते तो क्रमांक म्हणजे आकडा नव्हे, ते नाव आहे. मोबाइल नंबर, खाते नंबर, सभासद नंबर, पिनकोड हे सगळे कॉलम टेक्स्टच असले पाहिजेत.

गंमत अशी की सेलला काय समजलं याची एक खूण पडद्यावर पहिल्यापासून असते, पण ती आपणच पुसतो. एक्सेल मजकूर सेलच्या डाव्या कडेला लावतं, आकडे आणि तारखा उजव्या कडेला. १२/३ ची तारीख झाली की तो मजकूर उडी मारून उजवीकडे जातो. पाचशे ओळींच्या यादीतही डावीकडच्या रांगेतून बाहेर पडलेला एक उजवा आकडा नजरेला चटकन टोचतो, कारण रांगेतली मोड डोळे वाचण्याच्याही आधी टिपतात. मग कुणीतरी 'शीट नीट दिसू दे' म्हणून सगळं निवडतो, सेंटर करतो, आणि ती खूण जाते. आकडे उजवीकडे असण्याचं दुसरंही कारण आहे. एकंखाली एकं, दहंखाली दहं आलं की ९,८०० आणि ९८,००० यांतला फरक लांबीवरूनच कळतो. कॉलम अरुंद असला की आकड्याच्या जागी #### येतं, त्याचाही अनेकांना राग येतो. मला ती स्प्रेडशीटमधली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. मजकूर अर्धा दिसला तर वाचणाऱ्याला कळतं की तो अर्धा आहे. ४५,००० मधला शेवटचा शून्य कापून ४,५०० दाखवलं तर कुणालाही कळणार नाही.

हे सगळं सुरू झालं ते एका फळ्यावरून. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी पाहिलं की प्राध्यापक फळ्यावर मोठा तक्ता मांडतात, आणि एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात. बॉब फ्रँकस्टन यांच्याबरोबर त्यांनी केलेलं व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये अॅपल टू या संगणकासाठी आलं. त्यात ६३ कॉलम आणि २५४ ओळी होत्या. त्या संगणकाच्या कीबोर्डवर बाणाच्या कळा दोनच, डावी आणि उजवी. मग वर-खाली जायचं कसं? स्पेसबार दाबला की त्याच दोन कळा उभ्या दिशेनं चालायच्या, पुन्हा दाबला की आडव्या. आणि सध्या कुठली दिशा चालू आहे हे सांगणारी एक बारीक खूण पडद्यावर ठेवली होती. इतक्या तुटपुंज्या साधनातही यंत्राची अवस्था माणसाला दिसावी, ही काळजी त्यांनी घेतली होती.

फळ्यावरचं एक मात्र या तक्त्यात हरवलं. फळ्यावर कुठला आकडा कुठून आला ते सगळ्यांसमोर घडतं. स्प्रेडशीटमध्ये उत्तर वर आणि सूत्र खाली दडलेलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ थॉमस ग्रीन अशा रचनेला हिडन डिपेंडन्सी, म्हणजे लपलेलं अवलंबन, म्हणत, आणि स्प्रेडशीट हे त्याचं नेहमीचं उदाहरण. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरच्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांची फाइल मागवून घेतली आणि इतर आक्षेपांबरोबर ही चूकही दाखवली. मधल्या काळात त्या निबंधाचा आधार घेऊन देशोदेशी सरकारी खर्चाच्या कपातीवर वाद झाले होते. सूत्र संपादनासाठी उघडलं की एक्सेल त्यात धरलेल्या ओळींभोवती रंगीत चौकट काढतं. पण एंटर दाबला की ती जाते. बेरजेच्या सेलवर नुसतं उभं राहिलं तरी ती चौकट फिकट रंगात दिसत राहावी, असं मला मनापासून वाटतं.

गावच्या दूध डेअरीत हेच रोज घडू शकतं. महिन्याच्या मध्यात नवा सभासद येतो, त्याची ओळ बेरजेच्या अगदी वर घातली जाते, आणि सूत्र कधी ती ओळ घेतं, कधी घेत नाही. एक्सेलच्या सोयीनं यादीचं आधीच 'टेबल' केलेलं असेल तर नवी ओळ आपोआप त्यात धरली जाते आणि हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

डेअरीचं शीट करणाऱ्यानं एकदा सकाळी संकलनाच्या वेळी तिथे जाऊन उभं राहावं. रांग लागलेली असते, एक हात यंत्राशी, एक कीबोर्डवर. सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) याच क्रमानं आकडे कानावर पडतात, तर कॉलमही त्याच क्रमानं हवेत. टॅबनं पुढे जात शेवटी एंटर दाबला की एक्सेल आपणहून खालच्या ओळीत, जिथून सुरुवात केली त्या कॉलममध्ये परत येतं. ज्यानं ही सोय बसवली त्याला हातांच्या कामाची जाण होती. नंबर टाकताच शेजारी सभासदाचं नाव आपोआप उमटलं पाहिजे, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाशी ते ताडून पाहता येतं. फॅट ३.५ च्या जागी ३५ पडलं तर तिथल्या तिथे अडवलं पाहिजे. गाय किंवा म्हशीच्या दुधात ३५ फॅट असूच शकत नाही. पण अडवताना 'चुकीची नोंद' असं ओरडून उपयोग नाही. 'फॅट ३५ टाकलंत, ३.५ म्हणायचंय का?' असं विचारलं तर पुढचं काम होतं.

नंबरवर इतका भर देण्याचं आपल्या भागात आणखी एक कारण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत एकाच माणसाचं नाव एका यादीत मराठीत, दुसरीत कन्नडमध्ये, बँकेच्या पासबुकात इंग्रजीत असतं. त्यातली एखादी यादी जुन्या फॉन्टमध्ये केलेली असेल तर पडद्यावर मराठी दिसतं खरं, पण आत रोमन अक्षरांचे कोड असतात आणि शोधून काही सापडत नाही. गावाचं नाव हातानं टाइप करायला दिलं तर बेळगाव आणि बेळगावी ही फिल्टरमध्ये दोन गावं होतात. म्हणून गाव यादीतून निवडायला द्यावं आणि दोन याद्या जोडायच्या त्या सभासद नंबरवर. कॉलमचं शीर्षक मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहायला एक जास्तीची ओळ लागते, आणि उद्या बदली होऊन येणाऱ्या सेक्रेटरीला शीट पहिल्याच दिवशी वाचता येतं.

शीट दिल्यावर महिनाभरानं जाऊन पाहा, लेखनिकाच्या टेबलावर कॅल्क्युलेटर आहे का. असेल तर तो शीटमधली बेरीज पुन्हा करून पाहतो आहे, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण ती बेरीज कशी आली हे त्याला दिसत नाही. जुन्या कीर्दीत हिशेबनीस आडवी आणि उभी अशी दोन्ही बेरीज करून मेळ घालत. शीटमध्येही तसंच करावं: सभासदवार रकमांची बेरीज एकीकडे, दिवसवार रकमांची दुसरीकडे, आणि दोन्हींतला फरक एकूण रकमेच्या शेजारच्याच सेलमध्ये. फरक शून्य असेल तर तिथे 'जुळलं' यावं, नसेल तर किती रुपयांचा आहे तो आकडा. हा सेल दुसऱ्या शीटवर नको, गोठवलेल्या वरच्या ओळीत हवा, म्हणजे यादी कितीही खाली सरकवली तरी तो समोर राहतो.